30 सेंमीच्या चिकणमातीच्या थराने मेश अडवलाय, ओव्हरलॅपिंग फॅसेट्सचा एरर काही जात नाही

थेंब_42

मंडळी, दोन आठवडे झाले एकाच जागी अडकलोय, आता डोकं चालत नाहीये म्हणून विचारतो.

भूजलाचं थ्रीडी मॉडेल करतोय, म्हणजे जमिनीचा मेश (छोट्या तुकड्यांची जाळी) करून त्यात पाणी कसं वाहतं ते काढायचं. एरिया 4 किमी बाय 3 किमी, खोली साधारण 120 मीटर, पाच थर : वर माती, मग वाळू, मग चिकणमातीचा पातळ थर, परत वाळू, आणि खाली झिजलेला खडक. बोअरचे लॉग (कुठल्या खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदी) 61 आहेत, त्यातल्या 44 मध्ये ही चिकणमाती लागते, जाडी कुठे 20 सेंमी कुठे दीड मीटर, पण बहुतेक ठिकाणी 30 सेंमीच्या आसपास. प्रत्येक थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाचं वेगवेगळं क्रिगिंग केलं (बोअरवरून मधल्या जागांचा अंदाज), 25 मीटरचे रास्टर म्हणजे चौकटींचे नकाशे काढले, त्यांचे एसटीएल (त्रिकोणांच्या पृष्ठभागाच्या फाइल) बनवले आणि जीमॅश या मेश बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन टेट्राहेड्रल (चार कोपऱ्यांच्या तुकड्यांचा) मेश करायला गेलो, पुढे ओपनजिओसिस या प्रवाह सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवायचं आहे.

आणि इथे गाडी थांबते. कधी येतं "इनव्हॅलिड बाउंडरी मेश, ओव्हरलॅपिंग फॅसेट्स ऑन सरफेस 17 सरफेस 23", कधी "पीएलसी एरर : अ सेगमेंट अँड अ फॅसेट इंटरसेक्ट", म्हणजे एक कड एका पृष्ठभागाला कापतेय. सरफेस 17 म्हणजे चिकणमातीचा माथा, 23 म्हणजे तळ.

आत्तापर्यंत केलेलं : मेश साइज 50 वरून 10, मग 5. अल्गोरिदम (मेश बनवायची रीत) डेलॉनेवरून एचएक्सटी. जिऑमेट्री टॉलरन्स 10^-8 चा 10^-3 केला, तर एरर बदलला फक्त. चिकणमातीचा थर काढून टाकला की मेश एका मिनिटात बनतो!! पण तो थर काढला तर मॉडेलला अर्थच उरत नाही, कारण वरच्या आणि खालच्या वाळूतल्या पाण्याच्या पातळीत 2 मीटरचा फरक त्याच्यामुळेच आहे.

काय करू?

पाणीपाणी

चिकणमातीच्या दोन्ही पृष्ठभागांवर लोकल साइज 0.3 दे ना, थर 30 सेंमीचा आणि एलिमेंट 5 मीटरचा म्हटल्यावर बसणार कसा तो. माझ्याकडे एका धरणाच्या मॉडेलमध्ये असंच केलं होतं, झालं होतं.

जाळीवाला

@पाणीपाणी, धरणाच्या छेदात चालतं ते, इथे 12 चौरस किमी आहे. हिशोब करून बघ : 30 सेंमी बाजूच्या समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ जेमतेम 0.039 चौरस मीटर, म्हणजे चिकणमातीच्या नुसत्या माथ्यावर 30 कोटी त्रिकोण. टेट्रा अजून मोजलेच नाहीत. कुठल्या मशीनवर चालवणार?

आणि मुळात एरर साइजचा नाहीच आहे. तो एरर सांगतोय की 17 आणि 23 एकमेकांना कापतात. माथा तळाच्या खाली गेलाय कुठेतरी. अशा वेळी मेश बारीक केला की तोच छेद अजून बारकाईने सापडतो, बस. टॉलरन्स 10^-3 करून तर तू जीमॅशला सांगितलंस की मिलीमीटरभर अंतरावरचे बिंदू एकच समज, तेही पातळ थराच्या मॉडेलमध्ये. तो आधी परत 10^-8 कर.

आता जीमॅश बंद कर. जीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) उघड, माथ्याच्या रास्टरमधून तळाचा रास्टर वजा कर आणि किती सेल शून्याखाली येतात ते इथे टाक. पाच मिनिटांचं काम आहे, मेशच्या प्रश्नात नव्वद टक्के लोक ते करत नाहीत.

थेंब_42

@जाळीवाला केलं. लाज वाटतेय सांगायला. 19,200 सेलपैकी 1,130 सेलमध्ये जाडी उणे आहे. सगळ्यात वाईट उणे 2.4 मीटर, ईशान्येच्या कोपऱ्यात, तिकडे बोअरच नाहीत. बाकीचे ठिगळासारखे सगळीकडे पसरलेत.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ज्या 17 बोअरमध्ये चिकणमाती नाही तिथे मी माथा आणि तळ दोन्ही रिकामे सोडले होते. क्रिगिंगने तिथे शेजारच्यांवरून काहीतरी भरून टाकलं. म्हणजे जिथे थर नाहीये तिथेही माझ्या मॉडेलमध्ये थर आहे 🤦

आता उणे सेलमध्ये सरळ तळ = माथा उणे 1 सेंमी करून टाकू का?

शून्यजाडी

थांब, पॅच मारू नकोस, मूळ पद्धत बदल.

दोन पृष्ठभागांचं वेगवेगळं क्रिगिंग केलं की प्रत्येकाची चूक वेगळी असते. बोअरपासून दोनतीनशे मीटर लांब गेल्यावर उंचीच्या अंदाजात मीटरभर चूक सहज असते, आणि तू त्या दोन अंदाजांची वजाबाकी करून 30 सेंमी काढायला बघतोयस! ती उणे येणारच, 1,130 च सेल आले हे नशीब समज. उंचीचं इंटरपोलेशन एकाच पृष्ठभागाचं करायचं, ज्याची माहिती सगळ्यात जास्त आहे त्याचं, आणि बाकी सगळं जाडीचं. तळ = माथा उणे जाडी. मग पृष्ठभाग एकमेकांना कापायचा प्रश्नच उरत नाही, जाडी शून्यावर क्लिप केली (उणे असेल तिथे शून्य) की झालं.

आता त्या 17 बोअरबद्दल. इथे दोन प्रकार असतात आणि लोक ते एकत्र करतात. एक, बोअर चिकणमातीच्या पातळीच्या खूप खाली गेलंय आणि तरी ती लागली नाही, म्हणजे जाडी खरंच शून्य. दुसरा, बोअर वरच्या वाळूतच थांबलंय. तिथे जाडी शून्य नाही, तिथे जाडी माहीतच नाही. तो बिंदू जाडीच्या क्रिगिंगमध्ये घ्यायचाच नाही. प्रत्येक लॉगची एकूण खोली बघ आधी.

आणि शून्य म्हणून शून्य लिहिलंस तर अजून एक गंमत होते. एका बोअरला 40 सेंमी, 300 मीटरवरच्या बोअरला 0, तर इंटरपोलेशन थराची कडा बरोबर त्या दुसऱ्या बोअरवर नेऊन ठेवतं. प्रत्यक्षात कडा मध्ये कुठेही असू शकते. म्हणून मी नसलेल्या ठिकाणी थोडी उणे जाडी देतो, शेजारी जेवढी आहे साधारण तेवढीच उणे, मग शून्याची रेषा दोन बोअरच्या मध्ये कुठेतरी येते. हा भूशास्त्राचा नियम वगैरे नाही, निव्वळ अंदाज आहे, पण कडा बरोबर बोअरवरच संपते या अंदाजापेक्षा बरा. नंतर उणे भाग क्लिप करायचा.

जाळीवाला

+1. मी यात दोनच गोष्टी घालतो.

पहिली, एसटीएल. तुझे कोऑर्डिनेट्स प्रोजेक्शनचे पूर्ण आहेत का, म्हणजे सात अंकी नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर)? बायनरी एसटीएल आकडे 32 बिटात ठेवतं. 20 लाख 97 हजारांच्या पुढे 32 बिटात लगतच्या दोन आकड्यांमधलं अंतर 0.25 मीटर असतं, त्याच्या मधलं काही लिहिताच येत नाही. उंचीला फरक पडत नाही कारण ती लहान आहे, पण आडव्या दिशेत तुझे सगळे बिंदू पाव मीटरच्या खाचेत जाऊन बसलेत. बाजूची उभी भिंत तू दुसऱ्या फॉरमॅटमधून घेतली असशील तर तिची कड आणि पृष्ठभागाची कड जुळणारच नाही. पीएलसीवाला एरर बहुतेक इथून येतोय. सगळ्यातून एक स्थानिक मूळ बिंदू वजा कर, काम झालं की परत मिळव.

दुसरी, टेट्रा सोड. थरांच्या मॉडेलला टेट्रा कशाला हवेत? नकाशावर 2डी त्रिकोणी मेश कर, 50 मीटरचा, साधारण 11 हजार त्रिकोण होतील, आणि तोच प्रत्येक पृष्ठभागावर ओढून खाली प्रिझम (त्रिकोणी माथा-तळाचे ठोकळे) रच. पाच थर म्हणजे 55 हजार एलिमेंट, दोन्ही वाळूंचे तीन तीन तुकडे केलेस तरी लाखाच्या आत. 50 मीटर रुंद आणि 0.3 मीटर जाड म्हणजे प्रमाण 167 ला 1, बघून भीती वाटते पण चिकणमातीतून पाणी उभंच जातं, चपटं प्रिझम त्याला चालतं. खरा त्रास तिरक्या, पातीसारख्या टेट्राचा, ज्याचे चार कोपरे जवळजवळ एकाच प्रतलात असतात. ते प्रिझममध्ये होतच नाहीत.

थेंब_42

अपडेट. लॉग परत काढून बसलो. 17 पैकी 6 बोअर वरच्या वाळूतच संपलेत 😐 म्हणजे खरे "नाही" फक्त 11. @शून्यजाडी तुम्ही नसतं सांगितलं तर मी ते सहाही शून्य धरून मोकळा झालो असतो.

जाडीचं क्रिगिंग केलं, उणे सेल गायब. मूळ बिंदू सरकवला. 2डी मेश झाला, पण नदीच्या काठाने एका ठिकाणी त्रिकोणांचा नुसता भुगा झालाय, 50 मीटरच्या मेशमध्ये अर्धा अर्धा मीटरचे शेकडो त्रिकोण. झूम करून बघितलं तर नदीची रेषा आणि थराच्या शून्य जाडीची रेषा तिथे 40 सेंमी अंतरावरून जवळजवळ समांतर जातायत.

आणि प्रिझमचं काय करायचं जिथे थर संपतो? तिथे माथ्याचा आणि तळाचा नोड (कोपऱ्याचा बिंदू) एकच होतो, शून्य आकारमानाचे एलिमेंट तयार होतायत.

जाळीवाला

भुग्याचं सोपं आहे. जाडीची शून्य रेषा तुझ्या अंदाजाने आलेली, तिची खात्री शंभर मीटरची पण नाही, तिला 40 सेंमीचा मान कशाला देतोस? त्या पट्ट्यात ती नदीच्या रेषेवरच बसव. आणि दोन्ही रेषा मेशमध्ये घालायच्या आधी सिम्प्लिफाय कर, कॉन्टूरमधून आलेल्या रेषेला 25 मीटर रास्टरच्या पायऱ्या असतात, त्या प्रत्येक पायरीवर मेशर एक नोड टाकतो.

कडेला तीन मार्ग आहेत. ओपनजिओसिससोबत रास्टरवरून थरांचा मेश बनवणारं टूल येतं, क्रिएट लेयर्ड मेश फ्रॉम रास्टर्स. त्यात किमान जाडी देता येते. त्रिकोणाचा एक कोपरा किमान जाडीच्या खाली गेला तर प्रिझमऐवजी पिरॅमिड बनतो, दोन गेले तर टेट्रा, तिन्ही गेले तर तिथे एलिमेंटच बनत नाही. म्हणजे थर व्यवस्थित निमुळता होऊन संपतो. तू ओपनजिओसिसच वापरतोयस तर हाच घे, हाताने कशाला रचतोस.

दुसरा मार्ग, थर सगळीकडे चालू ठेवायचा पण जिथे तो नाही तिथे 10 सेंमी जाडी देऊन वाळूची के व्हॅल्यू (पाणी किती सहज वाहतं तो आकडा) द्यायची. नावाला थर, गुणधर्म वाळूचे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावाच लागतो तिथे वर्षानुवर्षं लोक हेच करत आलेत.

तिसरा मार्ग खालचे कोणीतरी सांगतील, मी त्या पंथाचा नाही 😄

खडकफोड

मीच तो तिसऱ्या पंथाचा 😄

थर मेशमध्ये घ्यायलाच हवा का? 30 सेंमीच्या चिकणमातीत आडवा प्रवाह जवळपास नसतोच. तिचं काम एकच, उभ्या प्रवाहाला अडवणं. तो अडथळा एका आकड्यात येतो, जाडी भागिले के. के 10^-9 मीटर प्रति सेकंद धरला तर 0.3 भागिले 10^-9 म्हणजे 3×10^8 सेकंद, दिवसात साधारण 3,470. बस, एवढंच मॉडेलला कळायला हवं.

लगेच कोणीतरी म्हणेल की चिकणमातीत साठलेल्या पाण्याचं काय. तेही तपासता येतं. थराला दाब बदलल्याचं कळायला लागणारा वेळ साधारण विशिष्ट साठवण गुणिले जाडीचा वर्ग भागिले के. साठवण 10^-4 प्रति मीटर धर, 0.09 ने गुण, 10^-9 ने भाग : 9,000 सेकंद, अडीच तास. तुझी टाइम स्टेप दिवसाची असेल तर विषय संपला, एक एलिमेंट पुरे आणि नुसता अडथळा ठेवलास तरी पुरे. हाच थर 5 मीटरचा असता तर उत्तर 29 दिवस आलं असतं, मग मात्र त्याला पाचसहा पोटथर द्यावे लागले असते.

फक्त एक अडचण. फायनाइट एलिमेंटमध्ये एका नोडला एकच हेड (पाण्याची पातळी) असतं, आणि तुला अडथळ्याच्या वर आणि खाली दोन हवेत, म्हणजे त्या पृष्ठभागावरचे नोड दुहेरी करावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये तयार सोय नसेल तर ते करत बसू नकोस. त्यापेक्षा हे कर : थर 30 सेंमीऐवजी 3 मीटरचा दाखव आणि के दहापट वाढव, 10^-8. अडथळा तोच, 3×10^8. जाडी वाळूतून उसनी घे, वाळू 20-30 मीटर असेल तर तिला काही कळणारही नाही. पण हे फक्त हेड आणि प्रवाहासाठी. उद्या प्रदूषणाचा प्रवास काढायचा झाला तर दहापट जाड थरातून पाण्याला दहापट वेळ लागेल, तिथे ही चलाखी अंगाशी येते.

बोअरवेल_बॅकअप

विषयाला धरून माझा एक किस्सा, मॉडफ्लो हे भूजलाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. जुन्या मॉडफ्लो 2005 मध्ये दोन थरांच्या मध्ये असा न दिसणारा अडथळा ठेवायची सोय होती, एलएवायसीबीडी. मॉडफ्लो 6 मध्ये ती काढली, थर स्पष्ट दाखवावा लागतो. मी जुनं मॉडेल नव्यात आणताना चिकणमातीचा थर दाखवला आणि जिथे ती नाही तिथे आयडोमेन (सेल आहे की नाही सांगणारा आकडा) 0 केलं, वाटलं सेल नाही म्हणजे अडथळा नाही. मेश बनला, मॉडेल पळालं, ताळेबंदही जुळला. फक्त जिथे चिकणमाती नाही नेमकं तिथूनच पाणी खाली जाईना!! चार दिवस के व्हॅल्यू ॲडजस्ट करत बसलो.

आयडोमेन 0 म्हणजे तिथे भिंत, वरचा आणि खालचा सेल एकमेकांना ओळखतच नाहीत. थर संपलाय आणि पाणी आरपार जायला हवं असेल तर उणे 1 द्यायचं. एका आकड्याचा फरक.

तात्पर्य काय तर एरर न देणारी चूक जास्त महाग पडते. @थेंब_42 तुझा मेशर निदान बोंबलत तरी होता.

पाणीपाणी

बरं झालं मी 0.3 सांगितलं, त्यावरून एवढं शिकायला मिळालं 😅 एक शंका, मग किमान जाडी किती द्यायची? शक्य तितकी कमी दिली तर थर जास्त खरा दिसेल ना?

जाळीवाला

दिसेल खरा, सुटणार नाही. एलिमेंटमधली उभी जोडणी आणि आडवी जोडणी यांचं प्रमाण के सगळीकडे सारखा धरला तरी (लांबी भागिले जाडी) चा वर्ग असतं. 50 मीटरच्या एलिमेंटला 10 सेंमी जाडी दिली तर अडीच लाख, 1 सेंमी दिली तर अडीच कोटी. त्यावर वाळू आणि चिकणमातीच्या के मधला फरक वेगळा. इटरेटिव्ह (टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाणारा) सॉल्व्हर मग घिरट्या घालत बसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) छोटा दाखवून चुकीच्या उत्तरावर थांबतो. ताळेबंद बघितल्याशिवाय कळतही नाही.

थेंब_42

झालं एकदाचं!!

काल रात्री आधी किमान जाडी 1 सेंमी देऊन बसलो होतो (@जाळीवाला ची पोस्ट वाचायच्या आधी), मेश बनला पण सॉल्व्हर दहा हजार इटरेशन करून सुद्धा थांबेना. 10 सेंमी केली, नोड 56 हजारच आहेत म्हणून डायरेक्ट सॉल्व्हर लावून बघितला, स्थिर प्रवाह लगेच सुटला. मग त्याच मेशवर इटरेटिव्ह लावला, दोन्हीच्या हेडमध्ये मिलीमीटरचाही फरक नाही. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी जुळतंय. @खडकफोड तुमचा 3 मीटरवाला प्रकारही ताडून बघितला, जिथे चिकणमाती सलग आहे तिथे दोन्ही मॉडेलचं हेड एकमेकांवर बसतं.

फरक पडतो तो थर जिथे फाटलाय त्या जागी. चिकणमातीतून 2 मीटरच्या फरकाने जे पाणी झिरपतं त्याचा वेग 6.7×10^-9 मीटर प्रति सेकंद येतो, आणि थर नाही तिथे वाळूचा उभा के 10^-5 आणि उतार 0.1 धरला तर 10^-6. म्हणजे एक हेक्टरचं भोक दीडशे हेक्टर चिकणमातीइतकं पाणी खाली सोडतं! आणि माझ्या नकाशात मधोमध जे सगळ्यात मोठं भोक आलंय त्याच्या अगदी कडेला त्या सहा अर्धवट बोअरपैकी दोन आहेत. ते वगळले तर भोक 9 हेक्टर, तिथे 30 सेंमी चिकणमाती आहे असं धरलं तर 2 हेक्टर.

म्हणजे आता प्रश्न मेशचा राहिलाच नाही.

शून्यजाडी

दोन्ही चालव आणि दोन्हीचे हेड मोजलेल्या पातळ्यांशी लावून बघ. भोकाजवळ खालच्या वाळूत एखादी निरीक्षण विहीर आहे का? तिथे वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक 2 मीटरवरून घसरत असेल तर भोक मोठं, नसेल तर लहान.

थेंब_42

एक आहे, भोकापासून 180 मीटरवर. खालच्या वाळूतलीच आहे, लॉगमध्ये जाळीची (पाइपच्या ज्या भागातून पाणी आत येतं त्याची) खोली लिहिली आहे. रीडिंग्ज वहीत आहेत, अजून टाइप केलेली नाहीत. बसतो.